दान कुणालाही पडावं

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या मांडवा, अलिबाग, मुरूडच्या रस्त्यांवर चाकरमान्यांची रीघ लागते आणि एरवी दोन म्हाताऱ्या माणसांच्या वावराने जेमतेम जागी राहणारी घरं एकाएकी भरून जातात. नागाव, चौल, रेवदंडा, दिवेआगर, श्रीवर्धन असं किनाऱ्याने खाली उतरत गेलं तरी चित्र फारसं बदलत नाही. आरती होते, पंगती उठतात, भांडी घासून होतात, आणि मोठी रात्र हाताशी उरते. ती भरायला पूर्वी पत्त्यांचे दोन जोड पुरत. ओटीवर मेंढीकोट किंवा रमी, माजघरात पोरांचा गुलामचोर आणि झब्बू, आणि गौरीच्या रात्री बायकांच्या फुगड्या. गेल्या आठ-दहा वर्षांत या यादीत फोनवरचा लुडो येऊन बसला, आणि त्याबरोबर ‘फोन आला आणि घरातला खेळ संपला’ ही तक्रारही आली. ही तक्रार निम्मी खरी आहे असं मला वाटतं. पण फोनमधल्या फाशाला दोष देऊन ती चुकीच्या माणसाला पकडते. फासा, म्हणजे निव्वळ नशीब, हा अशा खेळातला सगळ्यात माणूसघाणा भाग समजला जातो. प्रत्यक्षात सहा वर्षांची नात आणि सत्तरीची आजी यांना एका पटावर आणण्याचं काम तोच करतो. बिघाड दुसरीकडे होतो, आणि तो नेमका कुठे होतो हे कळायला या जातीच्या खेळांची घडण आधी नीट पाहावी लागते.

व्हिडिओ गेमच्या जगात या घडणीचा नमुना म्हणून ‘मारिओ पार्टी’चं नाव घेतलं जातं. जपानच्या हडसन सॉफ्टने बनवलेला आणि निन्टेन्डोने बाजारात आणलेला पहिला ‘मारिओ पार्टी’ १९९८ चा. त्याची कल्पना अगदी साधी आहे. पडद्यावर सापशिडीसारखा पट असतो आणि त्यावर चार खेळाडू. प्रत्येकाने फासा टाकायचा, तितकी घरं पुढे जायचं. चौघांची एकेक चाल झाली की पट बाजूला सरतो आणि मिनिटभराचा एक छोटा खेळ सुरू होतो: कुणी दोरी ओढायची, कुणी उडी चुकवायची, कुणी मोजणी करायची. कोणत्या रंगाच्या घरात तुम्ही थांबलात यावर तुमचे भिडू ठरतात, त्यामुळे आत्ता ज्याच्याशी भांडण झालं तोच पुढच्या क्षणी जोडीदार होतो. जिंकणाऱ्याला नाणी मिळतात, नाण्यांनी तारे विकत घेता येतात, आणि शेवटी ज्याचे तारे जास्त तो विजयी. वर एक मेख अशी की खेळ संपल्यावर काही तारे बक्षीस म्हणून वाटले जातात. त्यातला एक छोट्या खेळांत सगळ्यात जास्त नाणी कमावणाऱ्याला मिळतो, तर दुसरा पटावरच्या प्रश्नचिन्हाच्या घरांत सर्वांत जास्त वेळा पडलेल्याला, म्हणजे ज्याने त्यासाठी काहीही केलेलं नाही अशालाही मिळू शकतो. हुशार खेळाडू या शेवटच्या वाटपावर भयंकर चिडतात. ज्यांना खेळ येत नाही ते मात्र त्या क्षणाची वाट बघत शेवटपर्यंत बसून राहतात, आणि रचनाकारांना नेमकं तेच हवं असतं.

उलट टोकाला बुद्धिबळ आहे. जागतिक संघटनेच्या गुणांकनात दोन खेळाडूंमध्ये चारशे गुणांचं अंतर असेल तर वरच्या खेळाडूने दहा डावांतून साधारण नऊ गुण घ्यावेत अशी अपेक्षा असते. हौशी काका आणि पहिल्यांदा पटावर बसलेली भाची यांच्यातलं अंतर चारशेहून कितीतरी मोठं असणार. म्हणजे भाचीला पहिला डाव सुरू होण्याआधीच निकाल ठाऊक असतो, आणि दुसऱ्या डावाला ती बसत नाही. बुद्धिबळाचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. तो बरोबरीच्या दोघांचा खेळ आहे आणि घरात बरोबरीचे लोक क्वचितच असतात. वय, शिक्षण, डोळ्यांची ताकद, बोटांची चपळाई या सगळ्यात असमान असलेली पाच माणसं एकत्र खेळायची असतील तर निकालाचा काही हिस्सा कुणाच्याच हातात नसावा लागतो. फाशावर चालणाऱ्या ‘नवा व्यापार’ या खेळाची पेटी मराठी घरांत इतकी वर्षं टिकली ती काही त्यातून व्यापार शिकता येतो म्हणून टिकली नाही.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. सारीपाट किंवा पचीशी हा खेळ क्रॉसच्या आकाराच्या कापडी पटावर, कवड्या किंवा लांबट फाशांनी खेळला जाई, आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असत. आपलं दान चांगलं पडलं तर आपल्या सोंगट्या पुढे न्यायच्या की मागे अडकलेल्या भिडूसाठी थांबायचं, हा त्यातला खरा पेच. इंग्रजांनी हा खेळ उचलला, त्यातली भागीदारी काढून टाकली, कवड्यांऐवजी सहा बाजूंचा ठोकळा आणला आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं ‘लुडो’ या नावाने पेटंट घेतलं गेलं. पुढे तोच लुडो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला, पाठीमागच्या बाजूला सापशिडी घेऊन. ही सापशिडीही इथलीच. मोक्षपटाच्या रूपात ती मराठी परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडली आहे, आणि त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. या येण्याजाण्यात खेळ सोपा झाला, पण त्याचं एक नुकसानही झालं: भिडू गेला, आणि जो तो आपल्या चार सोंगट्यांपुरता उरला.

लुडोमधला दुसरा दोष गणिताने दाखवता येतो. सोंगटी घराबाहेर काढायला सहा पडावा लागतो. एका फेकीत तो न पडण्याची शक्यता सहातली पाच. दहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता काढली तर ती सुमारे १६ टक्के येते. एकट्यासाठी हे फार वाटत नाही. पण चौघांचा हिशेब केला तर दहा फेऱ्या संपल्यावरही निदान एक जण रिकामा बसलेला असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. म्हणजे दर दुसऱ्या डावात कुणीतरी, कधी घरातलं सगळ्यात लहान पोर, दहा फेऱ्या इतरांच्या सोंगट्या पळताना पाहत बसतं. नशीब सगळ्यांना सारखं असतं हे खरं, पण ते एकाच डावात सारखं वाटलं जात नाही. पटाला छोट्या खेळांची जोड देण्यामागचं शहाणपण इथे दिसतं. दान वाईट पडलं तरी प्रत्येक फेरीच्या शेवटी मिनिटभर हातपाय हलवायची, काही कमावायची संधी सगळ्यांना मिळते.

या जोडीची देशी आवृत्ती शोधायला लांब जावं लागत नाही. मंगळागौरीच्या जागरणात फुगडी, झिम्मा, पिंगा, किस बाई किस, लाटण्याची फुगडी, सूप नाचवणं असे डझनावारी खेळ एकामागून एक येतात. एकेक दोन-चार मिनिटांचा. एखादा जोडीचा, एखादा दोन गटांचा, एखाद्यात एकटीविरुद्ध बाकी साऱ्या. कुणी दमलं तर बसावं आणि तिच्या जागी दुसरी उठावी. सामान म्हणाल तर स्वयंपाकघरातलं लाटणं आणि सूप. कोणत्याही खेळात फार वेळ हरण्याची सोय नाही, कारण हरेपर्यंत तो संपलेला असतो. हडसन सॉफ्टच्या रचनाकारांनी मंगळागौर पाहिली असण्याचा प्रश्नच येत नाही. असमान माणसांना रात्रभर जागं ठेवायचं असेल तर माणसं कुठेही याच उपायाशी येतात, इतकंच त्यातून दिसतं. शरीर वापरण्याचा अतिरेक कसा होतो याचंही उदाहरण पहिल्या ‘मारिओ पार्टी’ने दिलं. त्यातल्या काही खेळांत हातातली कांडी तळहाताने जोरजोरात गरगर फिरवावी लागे, मुलांचे तळवे सोलवटू लागले, आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीनंतर २००० साली निन्टेन्डोला तिथल्या ग्राहकांसाठी हातमोजे द्यायचं मान्य करावं लागलं.

आता हातातल्या यंत्राकडे येऊ, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. घरच्या टीव्हीला जोडलेला खेळ चौघांना एकाच पडद्यासमोर बसवतो. हातात मावणारं यंत्र मुळातच एकट्याचं. २००५ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या ‘मारिओ पार्टी ॲडव्हान्स’मध्ये हे उघडं पडलं: चौघांचा पट मागे गेला आणि एकट्याने गावभर हिंडत कामं करत राहणं हाच मुख्य भाग झाला. नावात पार्टी, खेळात एकांतवास. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, निन्टेन्डो डीएसवर आलेल्या ‘मारिओ पार्टी डीएस’ने त्यावर चांगला तोडगा काढला. एकाकडे खेळाचं कार्ड असलं की उरलेले तिघे आपापल्या यंत्रावर तो खेळ बिनतारी उतरवून घेऊन खेळू शकत. त्यात सत्तरहून अधिक छोटे खेळ होते. यंत्राला दोन पडदे होते, त्यातल्या एकावर बोटाने किंवा कांडीने रेघोट्या मारता येत, आणि मायक्रोफोन असल्यामुळे काही खेळांत चक्क फुंकर मारावी लागे. आजीला बटणं लक्षात राहत नसली तरी फुंकर मारता येते. तरीही चार माणसांसाठी चार यंत्रं लागणारच, आणि चार माना चार पडद्यांत वाकणारच. रायगडातल्या किती घरांत चार सोडाच, एक तरी डीएस आला असेल? त्या आधीच आपण थेट स्मार्टफोनवर उडी मारली.

ती उडी कुणी मारून दिली, तर शेजारच्याच शहराने. ‘लुडो किंग’ हा खेळ नवी मुंबईतल्या गेमेशन टेक्नॉलॉजीजचा. विकास जयस्वाल यांच्या या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि डेटा फुकटात मिळू लागला, हा योगायोग खेळाच्या पथ्यावर पडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दररोज खेळणाऱ्यांची संख्या दीड कोटीच्या आसपास होती ती पाच कोटींच्या घरात गेली, असं कंपनीकडून सांगितलं गेलं. त्याच आठवड्यांत दूरदर्शन ‘महाभारत’ पुन्हा दाखवत होतं, म्हणजे घराघरांत एका पडद्यावर शकुनी आणि दुसऱ्यावर लुडो. मुंबईत अडकलेला मुलगा आणि श्रीवर्धनला राहिलेले आईवडील एका पटावर बसले, हा त्या महिन्यांतला खरा दिलासा होता आणि तो नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, टॉवर बंद पडले, आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातल्या कितीतरी गावांना वीज परत यायला दिवसच्या दिवस लागले. दूरच्याशी खेळण्याचा सारा डोलारा एका दुपारी कोसळला. ‘लुडो किंग’मध्ये एकच फोन हातोहात फिरवून, इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय आहे, पण फोन चार्ज करायलाच वीज नसेल तर तीही निकामी. कवड्यांना चार्जर लागत नाही.

नशिबाच्या बाजूने बोलू लागलं की पहिला आक्षेप जुगाराचा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या कायद्याने दीडशेक वर्षं नशिबाकडे संशयाने आणि कौशल्याकडे आदराने पाहिलं. मुंबई प्रांताचा १८८७ चा जुगारविरोधी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना हात लावत नाही. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ पक्की केली, आणि १९६७ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला बसवलं. पैशांवर लुडो खेळवणाऱ्या ॲपना याचा फायदा झाला. २०२१ मध्ये ‘लुडो सुप्रीम’वर गुन्हा नोंदवावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली तेव्हा सगळा वाद याच रेघेवर होता: लुडोत जिंकतं ते डोकं की दान? गंमत पाहा. आजीबरोबर खेळताना ज्या गोष्टीमुळे लुडो चांगला ठरतो, ते दान लुडोत जवळजवळ नाहीच असं सिद्ध केलं की त्यावर पैसे लावायला मोकळीक मिळणार होती. दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने हा प्रश्नच बाद केला. कौशल्य असो, नशीब असो वा दोन्हींचं मिश्रण, पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ चालवायला त्याने मनाई केली आणि पैशांविना खेळले जाणारे सामाजिक खेळ वेगळे काढले. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्टला मिळाली, गणेश चतुर्थी २७ ला होती. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. पण दोष फाशात नसून पैजेत आहे एवढं त्याने बरोबर ओळखलं. पैसा आला की हरणारा डाव सोडून उठू शकत नाही, आणि जिंकणाऱ्याला हरणाऱ्याचं तोंड पाहायचं नसतं. युधिष्ठिराचं दान वाईट पडत गेलं हे त्याचं दुर्दैव, पण राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावणं हे फाशाचं काम नव्हतं.

दुसरा आक्षेप शिक्षकी वळणाचा आहे: नशिबावर चालणारे खेळ मुलांना आळशी करतात, मेहनतीचं फळ मिळतं हे शिकवायचं सोडून भलतंच शिकवतात. यात तथ्य थोडं आहे. फक्त सापशिडीवर वाढलेल्या मुलाला निर्णय घ्यायची सवय लागणार नाही, कारण सापशिडीत घ्यायला निर्णयच नसतो. पण लुडोत कोणती सोंगटी हलवायची हा निर्णय आहे, सारीपाटात त्याहून मोठा आहे, आणि छोट्या खेळांची जोड दिली की तालमीलाही मोल येतं. शिवाय वाईट दान हसत सोसणं आणि चांगल्या दानाचा माज न करणं ही शिकण्यासारखीच गोष्ट आहे, आणि ती बुद्धिबळात शिकता येत नाही. तिथे हरलात तर चूक तुमचीच असते. मिळालेलं सगळं स्वतःच्या कर्तबगारीचं मानणारी माणसं आपण आजूबाजूला बरीच पाहतो. त्यांनी लहानपणी थोडा लुडो जास्त खेळायला हवा होता असं कधीकधी वाटतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो विश्वासाचा आहे. कवड्या सर्वांच्या देखत पडतात. उताण्या किती, पालथ्या किती, हे पाच जण एकदम मोजतात, आणि लबाडी करणाऱ्याचा हात जागच्या जागी धरला जातो. फोनमधला फासा कुणालाच दिसत नाही. आत एक आकडे काढणारी प्रणाली असते आणि ती प्रामाणिक असली तरी तिचा प्रामाणिकपणा खेळणाऱ्याला तपासता येत नाही. ‘याला सारखा सहा कसा पडतो’ ही कुरकुर लुडोइतकीच जुनी आहे, फक्त पूर्वी तिचा निवाडा पटावरच होई आणि आता होत नाही. एका फोनवर घरातलेच चौघे खेळत असतील तर याने फार बिघडत नाही, कारण फोनला कुणा एकाची बाजू घ्यायचं कारण नसतं. अनोळखी माणसांशी, गुणांच्या किंवा पैशांच्या आशेने खेळताना मात्र ही न दिसणारी जागाच सगळा संशय पोसते. म्हणजे फिरून आपण तिथेच येतो: तोच फासा, तोच पट, पण समोर कोण बसलं आहे यावर त्याचा गुण ठरतो.

‘फोन आला आणि खेळ संपला’ या तक्रारीतला खरा निम्मा भाग इथे सापडतो. हॉलमध्ये सहा जण बसलेत आणि सहाही जण आपापल्या फोनवर सहा वेगळ्या गावांतल्या अनोळखी लोकांशी लुडो खेळताहेत, हे दृश्य काल्पनिक नाही. तोच फोन मध्ये जमिनीवर ठेवून, डेटा बंद करून, हातोहात फिरवला तर तो जवळजवळ पुठ्ठ्याचा पट होतो. फरक एवढाच की सोंगट्या हरवत नाहीत आणि कुणी पट उधळून टाकू शकत नाही, जे काही घरांत सोयीचं आहे. पण पटाशिवाय दुसरं काही त्यात नाही. हरणाऱ्या पोराला दहा फेऱ्या बसवून ठेवायचा लुडोचा जुना दोष तसाच आहे. फोनला मायक्रोफोन आहे, तो कलला की कळतो, हलवला की कळतो, पडद्यावर एकाच वेळी अनेक बोटं टेकलेली ओळखतो. डीएसजवळ जे होतं त्याहून कितीतरी जास्त सामान पाच वर्षं जुन्या साध्या फोनमध्येही आहे. भिडूंचा सारीपाट आणि दर फेरीनंतर फुंकरीचा, तोलाचा, टाळीचा मिनिटभराचा खेळ, असं काहीतरी एका फोनवर बसवणं तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही.

ते बाजारात सहज का मिळत नाही याचं कारण हिशेबात आहे. फुकट खेळाची कमाई जाहिरातींतून आणि खेळातल्या छोट्या खरेदीतून होते. सहा जण सहा फोनवर खेळले तर सहा जाहिराती दिसतात, सहा जणांनी एक फोन फिरवला तर एकच, आणि डेटा बंद असेल तर तीही नाही. एकत्र बसणारी माणसं कंपनीला महाग पडतात. म्हणून असा खेळ कुणा मोठ्या कंपनीकडून येईल अशी आशा मी धरत नाही. लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून दरवर्षी संगणक शाखेची मुलं बाहेर पडतात, आणि त्यातली पुष्कळ याच जिल्ह्यातल्या गणपतीच्या घरांत वाढलेली असणार. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हजेरीपट किंवा ग्रंथालयाची नोंदवही यांच्यापेक्षा हा विषय वाईट नाही, आणि त्याची परीक्षा घ्यायला गौरीच्या रात्री माजघरात बसलेल्या बायका पुरेशा कडक आहेत.